राखून ठेवलेला नंबर : अळणावर ते हुबळी गुडशेड

दांडेलीच्या बसप्रवासावर लिहिलं होतं तेव्हा एक-दोन वाचकांनी विचारलं होतं, आता पुढे कुठं? मी उत्तर दिलं नाही. कुठं जायचं ते मला ठाऊक होतं, पण ती जागा लांब नव्हती आणि तिथं बघण्यासारखं काही नाही असं सगळेच म्हणत. हुबळीची गुडशेड. मालगाड्या जिथं रिकाम्या होतात तो मालधक्का. अळणावरहून निघून बस बदलत गेलं तर जेवणाच्या आत पोचता येतं. लग्न होऊन इथं आल्यापासून हुबळीला मी पुष्कळदा गेले. लग्नकार्याला, साड्यांना, दवाखान्याला. गुडशेडला कधी गेले नाही. ती बायकांनी यायची जागा नव्हे, असं आमचे हे म्हणायचे.

आमचे हे लॉरी चालवायचे. लॉरी हुबळीच्या मालकाची, स्टिअरिंग ह्यांच्या हातात. रेल्वेनं आलेलं खत नाही तर सिमेंट गुडशेडमधून उचलायचं आणि तालुक्याच्या दुकानांत पोचवायचं. तीन वर्षांपूर्वी, पेरणीच्या आधीच्या उन्हात, खताच्या मालगाडीची वाट बघत उभ्या लॉरीतच ते गेले. झोपेत हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. किती वाजता थांबलं हे कुणालाच सांगता आलं नाही, कारण ह्यांनी खिडकीला टॉवेल लावला होता.

हे परक्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. गुडशेडच्या लॉरीवाल्यांत एक रीत आहे. रांगेत उभं असताना ड्रायव्हरला झोपायचं असेल तर तो दाराच्या काचेत टॉवेल अडकवतो. टॉवेल दिसला की त्याला कुणी हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही. रांग पुढे सरकली तर मागचे वळसा घालून पुढे जातात, पण त्याचा नंबर त्याचाच राहतो. उठल्यावर तो आपल्या जागी जातो, कुणी हूं की चूं करत नाही. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाची झोप मोडायची नाही, एवढंच त्यामागे आहे. चांगली रीत आहे. त्या दिवशी सगळ्यांनी ती पाळली. दुपारभर वळसा घालून गेले, आणि उन्हं उतरेपर्यंत ह्यांचा नंबर राखून ठेवला.

ह्यात कुणाला बोल लावावा असं काही नाही. मी लावलाही नाही. पण तो टॉवेल ह्यांच्या सामानाबरोबर घरी आला, तो मी अजून वापरलेला नाही.

आता जायचं का ठरलं ते सांगते. माझ्या भावाची मुलगी मेघना हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. दिवाळीत आमच्याकडे आली होती. करंज्यांना मुरड घालता घालता म्हणाली, "आत्या, आमचा प्रोजेक्ट कशावर आहे सांगितलं तर तू रागावशील का?"

"मी कशाला रागावू?"

"गुडशेडवर आहे."

मी झारा खाली ठेवला आणि म्हटलं, सांग.

तिनं सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. मालगाडी कुठं आली आहे हे रेल्वेला ठाऊक असतं. लॉरीवाल्याला ठाऊक नसतं. तो ऐकीव बातमीवर येतो आणि नंबर जाऊ नये म्हणून फार आधी येतो. गाडी लागली, म्हणजे मालगाडी धक्क्याला येऊन उभी राहिली, की ठरलेल्या वेळात रिकामी करावी लागते, नाहीतर दंड. मग सगळं एकदम: हमाल, लॉऱ्या, गेट, वजनकाटा. आधी दिवसभर कुणी हलत नाही, मग कुणालाच हलायला जागा नाही. मेघना आणि तिच्या सोबत्यांनी कॉम्प्युटरात एक खोटी गुडशेड उभी केली आहे. त्यात खोट्या मालगाड्या येतात, खोट्या लॉऱ्या रांगेत लागतात. लॉऱ्यांना रेल्वेच्या बातमीप्रमाणे फोन करून बोलावलं तर काय होईल, गेट दोन केले तर काय होईल, हे सगळं आधी तिथं करून बघायचं, मग खऱ्या माणसांना त्रास द्यायचा.

"कुठलाही दिवस घालता येतो का त्यात?" मी विचारलं.

मेघनाचा हात थांबला. पोरगी हुशार आहे. "आत्या, नको," म्हणाली.

मी झारा परत उचलला. पण प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. ह्यांना फोन करून बोलावलं असतं, तर त्या दुपारी हे कुठं असते? ते बघायला मी निघाले. मार्गशीर्षात, थंडीची, दोन दिवसांची पिशवी भरून.

अळणावर ते धारवाड लाल बस सकाळपासून मिळत राहतात. आधार कार्ड दाखवलं की आमच्या राज्यातल्या बायकांना त्या बसला पैसे पडत नाहीत, कंडक्टर शून्याचं तिकीट हातात देतो. ते जपून ठेवा, मध्ये तपासनीस चढतात. डाव्या बाजूची खिडकी धरा. सुरुवातीला सागाची झाडं रस्त्याला चिकटून असतात, मग हळूहळू मागे सरतात, भाताची कापलेली शेतं लागतात, आणि पुढं माती काळी होते. त्या दिवशी धुकं होतं. उसाच्या ट्रॅक्टरमागे बस अडकली तेव्हा पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या अप्पांनी ड्रायव्हरला कन्नडात विचारलं, "काय रे, ऊस कारखान्यात पोचवूनच मग आम्हाला सोडणार काय?" ड्रायव्हर म्हणाला, "उतरा आणि ढकला अप्पा, लवकर पोचाल." बसभर हसू झालं. हे असते तर ह्यांनी ड्रायव्हरची बाजू घेतली असती. ड्रायव्हर बोलत असला की त्याचंच खरं, असा ह्यांचा कायदा होता.

धारवाडात शिरायच्या आधी केलगेरी लागतं. तळ्याच्या अलीकडे उतरले. दादाचं, म्हणजे मेघनाच्या वडिलांचं घर तिथून चालत जाण्याएवढं. तुमचं कुणी ओळखीचं नसेल तर धारवाडात बसस्टँडाजवळ साध्या खोल्या मिळतात. पण सकाळी केलगेरीच्या तळ्यावर एक फेरी मारा. पाण्यावर वाफ असते आणि काठावर फिरायला आलेले निवृत्त मास्तर मोठमोठ्यानं राजकारण बोलत असतात. बगळ्यांना त्याची सवय झाली आहे.

दुपारी वहिनीबरोबर सुभाष रोडला गेले. तिला काचेच्या बांगड्या घ्यायच्या होत्या. बांगडीवाला माझ्याकडे बघून गप्प बसला आणि मग मुद्दाम वहिनीशीच बोलत राहिला. मला त्याचं वाईट वाटत नाही, पण ते लक्षात येतं. मी समोर जुन्या पुस्तकांकडे गेले. शाळा माझी सातवीत सुटली. नंतर जे वाचलं ते हे रद्दीतून आणून द्यायचे त्यावर. खताच्या दुकानदाराकडे रद्दी असायची, त्यातली मराठी पुस्तकं वेगळी काढून लॉरीतून घेऊन यायचे. पहिली काही पानं नसलेली कादंबरी, शेवटची पानं नसलेलं प्रवासवर्णन. शेवट नसला की ह्यांना सांगायला लागायचा. मी बनवून सांगायची. "खरंच असं झालं?" विचारायचे. "झालं," मी म्हणायची. बाजारातून एक शेवटासकट असलेलं पुस्तक घेतलं, पेढे घेतले, आणि परत आलो. पेढा घेणाऱ्यांनी सकाळी जावं, दुपारनंतर गर्दी असते.

दुसऱ्या दिवशी मेघना मला घेऊन हुबळीला निघाली. धारवाड-हुबळीसाठी आता गार हवेची मोठी बस आहे, तिला इथं चिगरी म्हणतात, म्हणजे हरीण. तिचा रस्ता वेगळा, मध्ये दुसरी वाहनं येत नाहीत, त्यामुळे खरोखर हरणासारखी जाते. मी गेले तेव्हा तिला बायकांनाही तिकीट काढावं लागत होतं. बसायला मिळालं. काचेतून बाजूच्या रस्त्यावर लॉऱ्या दिसत होत्या, एकामागे एक, आणि मी सवयीनं प्रत्येकीचा दर्शनी भाग वाचत गेले. ह्यांच्या लॉरीवर समोर काहीच लिहिलेलं नव्हतं. मालकाला परवडत नाही म्हणायचे.

कॉलेजातली ती खोली साधीच होती. आठ-दहा कॉम्प्युटर, कोपऱ्यात झाडू, खिडकीत कुणाचा तरी डबा. मेघनाचे सर तिथंच होते. तरुण, कानडी, पण मराठी समजणारे. खुर्ची दिली. मेघनानं पडद्यावर गुडशेड उघडली. मला काय दिसणार याची मी बसमध्ये कल्पना करत होते, तसं काहीच नव्हतं. एक लांब पट्टी, ती मालगाडी. एक चौकोन, तो धक्का. आणि रांगेत छोटे छोटे निळे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे एक लॉरी.

"बघ आत्या, ही आत्ताची पद्धत," म्हणत तिनं चालू केलं. ठिपके आले, थांबले. फार वेळ थांबले. मधला एक ठिपका पिवळा झाला. रांग सरकली, बाकीचे त्याला वळसा घालून पुढे गेले, पिवळा तिथंच. मग तो निळा झाला आणि पुढे जाऊन बरोबर आपल्या जागी शिरला.

"हे काय?"

"टॉवेल," मेघना हळू म्हणाली. "आधी आम्ही घातला नव्हता. मग कॉम्प्युटरातली रांग आणि खरी रांग जुळेचना. बसण्णा काकांनी सांगितलं तेव्हा कळलं."

बसण्णा म्हणजे ह्यांचे मित्र. दोघांच्या लॉऱ्या एकाच मालकाच्या, त्यामुळे रांगेत बहुतेक पुढेमागे. त्या दिवशीही मागची लॉरी त्यांचीच होती.

मी म्हटलं, "आता तो दिवस घाल."

मेघनानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "मावशी, हे यंत्र कुणा एका माणसाचं सांगू शकत नाही. तोच दिवस पन्नासदा चालवला तर पन्नास वेगळे दिवस निघतात. गाडी थोडी उशिरा, हमाल थोडे कमी, गेटवर एखादी लॉरी बंद पडलेली. सगळ्यांचं मिळून काय होतं तेवढं कळतं."

"पन्नास असू देत. मला वेळ आहे."

मेघनानं तो दिवस घातला. मालगाडी किती उशिरा लागली, लॉऱ्या साधारण किती होत्या, हे तिच्याकडे आधीच होतं. म्हणजे पोरीनं माझ्या आधी एकटीनं ते करून बघितलं होतं. मला न विचारताच ते कळलं आणि मी तिला विचारलं नाही.

नव्या पद्धतीत रांग नव्हतीच. बायपासजवळ एक मोकळी जागा, तिथं शेड, पाणी, संडास. ती विसाव्याची जागा. लॉरीवाल्यानं तिथं थांबायचं, नाहीतर घरी राहायचं. गाडी लागायला आली की फोन जातो, तेवढ्याच लॉऱ्या धक्क्यावर येतात. ह्यांचा ठिपका मेघनानं लाल केला होता. मी तो बघत राहिले. एकदा तो सकाळभर अळणावरातच होता. एकदा माल भरून दुपारच्या आधी शहराबाहेर पडला. बहुतेक वेळा दुपारी विसाव्याच्या जागेत, सावलीत. तो उन्हात उभा आहे असं फार कमी वेळा आलं.

मला रडू येईल असं मेघनाला वाटलं असावं. पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मला रडू आलं नाही. लाल ठिपका अळणावरात उभा होता ना, तेव्हा मी त्या वेळी घरात काय करत असेन ते आठवत होते. बहुतेक भांडी घासत असेन. ह्यांनी एकदा हाक मारली असती, चहा टाकतेस का म्हणून.

"ह्यात माणूस मेलेला दाखवता येतो का?" मी विचारलं.

"नाही आत्या. त्याला ते माहीतच नाही."

तेवढ्यात त्या पन्नासातल्या एका दिवसात लाल ठिपका राखाडी झाला. विसाव्याच्या जागेतच होता. बाकीचे ठिपके निघून गेले, तो राखाडी तसाच.

"हा असा का झाला?"

"फोन उचलला नाही," मेघना म्हणाली.

"मग?"

"मग पुढच्याला फोन जातो. गाडी थांबून राहू शकत नाही ना."

"आणि ह्याचं?"

"दिवसाच्या शेवटी परत एकदा फोन जातो." बोलता बोलता तिचाच आवाज खाली गेला.

मी त्या राखाडी ठिपक्याकडे बघत बसले. सावली होती, पाणी होतं, संडास होता. पण उन्हं उतरेपर्यंत त्याच्याकडे कुणी गेलं नव्हतं. जुन्या पद्धतीत नंबर राखून सगळे निघून गेले होते, नव्या पद्धतीत नंबर न राखता. मी एका प्रश्नाचं उत्तर घ्यायला आले होते. तो प्रश्न तिथंच सुटला असं म्हणत नाही, पण तो बाजूला झाला आणि त्याच्या मागे दुसरा उभा दिसला.

जेवायला बाहेर पडलो. हुबळीला गेलात तर हॉटेलात बसू नका, गाड्यावर गिरमिट आणि मिरची भजी खा. गिरमिट म्हणजे ओलसर मसाल्यातले चुरमुरे, वर कांदा, शेव. भजी ताजी काढून मागा. मेघना नीट जेवली नाही. संध्याकाळच्या आत गुडशेडमध्ये लॉरीवाल्यांची बैठक होती. महिनाभर नवी पद्धत करून बघायची की नाही, हे ते ठरवणार होते. त्यांनी नाही म्हटलं तर प्रोजेक्ट कॉम्प्युटरातच राहणार होता.

"तू येऊ नकोस, आत्या," ती म्हणाली. "तुला त्रास होईल."

"मी अळणावरहून गिरमिट खायला आले नाही."

स्टेशनापासून रिक्षानं गेलो. गुडशेडचा रस्ता आधी वासानं कळतो. सिमेंट, ओलं पोतं, डिझेल, आणि खताचा तो झोंबणारा वास, जो ह्यांच्या शर्टाला यायचा आणि दोनदा धुतला तरी जायचा नाही. मी रिक्षातून उतरले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. फोटो काढण्यासारखं तिथं खरंच काही नाही. लांब धक्का, पत्र्याचं छप्पर, कबुतरं. बाहेरच्या रस्त्यावर लॉऱ्यांची रांग, कडुलिंबाच्या एकाच झाडाखाली चहाची टपरी. दोन लॉऱ्यांच्या खिडक्यांत टॉवेल होते. एक निळा, एक पांढरा. मी निळ्याजवळून जाताना चाल हळू केली. आत माणूस घोरत होता. तेवढं ऐकून पुढे गेले.

टपरीपाशी बसण्णा उभे होते. केस पार पांढरे झाले आहेत. दहाव्यानंतर ते आमच्याकडे आले नव्हते. मला बघून त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"बर्री अक्का," म्हणाले, या. मग लगेच टपरीवाल्यावर ओरडले, "खुर्ची आण की! अक्का उभी आहे दिसत नाही?"

बैठक म्हणजे झाडाखाली जमलेले वीसेक ड्रायव्हर. कुणी टायरवर, कुणी उकिडवे. सरांनी कन्नडात समजावलं, मेघनानं लॅपटॉपवर ठिपके दाखवले. ठिपके सगळ्यांना आवडले. "माझा कुठला?" करून एकेकानं बोट लावून बघितलं. विसाव्याची जागा आवडली. संडास तर फारच आवडला. मग इमामसाब नावाचे एक थोराड ड्रायव्हर म्हणाले, "आणि फोन नाही उचलला तर?"

मेघनानं सांगितलं.

एकदम आवाज चढले. नंबर जाणार? झोपलं म्हणून नंबर जाणार? बंगळूरहून रात्रभर चालवत आलेला माणूस झोपणार नाही तर काय भजन म्हणणार?

इमामसाब म्हणाले, "पोरी, घरात बायको उठवते, रस्त्यात पोलीस उठवतो. ही एकच जागा होती जिथं कुणी उठवत नव्हतं. तीही घेतेस काय?"

हसले सगळे, पण नुसतं हसणं नव्हतं ते. बसण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "टॉवेल लावला की नंबर राहतो. ही आमच्या आधीच्यांची रीत आहे. ती राहणार असेल तर करू, नाहीतर तुमचं कॉम्प्युटर तुमच्यापाशी."

सर म्हणाले, "पण एक जागा रिकामी ठेवली तर मागचं सगळं अडतं. मग परत हीच रांग." तेही खरं होतं. दोन्हीकडचे आपापलं पुन्हा पुन्हा सांगू लागले. मेघना लॅपटॉप मिटायच्या बेतात आली होती.

मी बोलायचं ठरवून आले नव्हते. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. बसल्या जागेवरूनच म्हटलं, "फोन उचलला नाही तर जाऊन उठवा की."

माझ्याकडे सगळे वळले. काहींना मी कोण ते ठाऊक नव्हतं. बसण्णांनी मान खाली घातली, आणि शेजारच्यानं शेजारच्याला सांगत सांगत ते कडेपर्यंत कळलं. मारुतीअण्णाची बायको.

"अक्का, झोपलेल्याला उठवू नये," इमामसाब हळू म्हणाले. मघाचा आवाज राहिला नव्हता. "अर्धवट उठलेला माणूस गाडी ठोकतो."

"गाडी चालवू नका म्हणा. नंबर दोन जागा मागे घ्या, झोपू द्या त्याला परत. पण एकदा डोळे उघडू देत. कुणीतरी बघितलं पाहिजे त्यानं डोळे उघडले ते."

कबुतरांचा आवाज येत होता. मी पुढे म्हटलं, कारण आता थांबलं तर रडू आलं असतं, "तुम्ही ह्यांचा नंबर राखलात. ह्यांना ते कळलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मला दार वाजवलेलं चाललं असतं."

एवढंच बोलले. बसण्णा तिथून उठून टपरीमागे गेले. बराच वेळ नळाचं पाणी वाहिल्याचा आवाज आला. तोंड धुऊन परत आले तेव्हा डोळे लाल होते. त्यांनी मेघनाला विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरात दार वाजवणारा माणूस घालता येतो का?"

"येतो, काका."

"घाल मग. बघू किती उशीर होतो."

तिनं तिथंच, मांडीवर लॅपटॉप घेऊन, घातला. थोडा उशीर होत होता. सर पडद्याकडे वाकून बघत म्हणाले, एवढा चालेल. विसाव्याच्या जागेत जे थांबतील त्यांनी आळीपाळीनं ते काम करायचं, असं ठरलं. उठून जो म्हणेल मला झोपायचंय, त्याचा नंबर दोन जागा मागे, पण जाणार नाही.

"उठवणाऱ्याला शिव्या बसतील," इमामसाब म्हणाले.

"बसू देत," बसण्णा म्हणाले. "पहिल्यांदा मी उठवीन."

"मग माझी पहिली शिवी तुलाच. आतु बिड्री," इमामसाबांनी हात झटकले. झालं, सोडा. महिनाभर करून बघायचं ठरलं.

निघताना बसण्णा रिक्षापर्यंत आले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. मी त्यांना बोलू दिलं नाही. पेढ्यांची पुडी हातात दिली आणि म्हटलं, "घरी या एकदा. वहिनींना घेऊन या." त्यांनी मान हलवली.

परतीच्या चिगरीत मेघना माझ्या खांद्यावर झोपली. हुबळीच्याच देशपांडे नगरातल्या एका डॉक्टरांकडे ह्यांना घेऊन मी एकदा आले होते ते आठवलं. रक्तदाब बघून डॉक्टर म्हणाले होते, झोप नीट घेत जा. हे म्हणाले, घेतो की. ती कुठं घेतात ते मी विचारलं नव्हतं. आता ती जागा मी बघितली आहे. एक कडुलिंब, एक टपरी, आणि मागच्या लॉरीत एक मित्र. फार वाईट जागा नव्हती ती.

अळणावरला परत येऊन आता काही आठवडे झाले. ह्या प्रवासाला खर्च जवळजवळ नाही, दोन दिवस पुरतात, आणि तुम्हाला गुडशेड बघायचं काही कारण नसेल तर जाऊ नका. त्याऐवजी केलगेरीच्या तळ्यावर आणखी एक सकाळ काढा. पण तुमच्या घरातलं माणूस जिथं दिवस घालवतं, ती जागा एकदा बघून या. ते असताना बघितली तर जास्त चांगलं.

टॉवेल मी धुतला. दोरीवर घातला. आता हात पुसायला आहे, न्हाणीपाशी.

परवा दुपारी बसण्णांचा फोन आला. आधी तब्येत, थंडी, वहिनींची सांधेदुखी, असं सगळं झालं. मग म्हणाले, "अक्का, काल एकानं फोन उचलला नाही. टॉवेल लावलेला. माझी पाळी होती. गेलो, दार वाजवलं. उठला नाही. परत वाजवलं. मग ओरडलो, एळप्पा, नंबर बंतु." ऊठ बाबा, नंबर आला.

मी विचारलं, "मग?"

"मग काय, उठला. असल्या शिव्या दिल्या, असल्या शिव्या दिल्या अक्का, माझ्या सात पिढ्या उकरून काढल्या त्यानं."

"काय म्हणाला?"

"तुम्हाला सांगण्यासारखं नाही ते."

"सांगा," मी म्हटलं. "मला सगळं ऐकायचंय."